कचऱ्यावर डॉक्युमेंट्री काढायला निघताय? महाबळेश्वर ते हरिपूर, आमच्या चुकांसकट

आम्ही तिघं, एक इको गाडी, एक कॅमेरा, एक माइक आणि डोक्यात "कचऱ्यावर कायतरी करायचं" एवढंच. पहिल्या वेळी पाच दिवस सातारा-सांगली पालथं घालून घरी आलो, अकरा तासांचं फुटेज घेऊन, आणि मोठ्या हौसेनं टीव्हीला जोडून घरच्यांना दाखवायला बसलो. आईनं मेथी निवडत निवडत वीसेक मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "आरं पण हे सगळं एकाच जागचं हाय न्हवं?"

चार वेगवेगळ्या गावचे ढीग होते ते.

पण बाई चुकीचं बोलली नव्हती. ढीग सगळीकडं सारखाच दिसतो. वर घारी, खाली कुत्री, मधे धूर, झालं. तो कुठनं आला, कुणी उचलला, त्यातलं काय विकलं जातं आणि काय तसंच पडून राहतं हे त्यात काहीच नव्हतं. सहा महिन्यांनी परत निघालो, तेव्हा जरा शहाणे होऊन. त्या दोन ट्रिपमधनं जे कळलं ते इथं लिहितोय, म्हणजे तुमचे पहिले अकरा तास वाया जाणार नाहीत.

१. आधी धागा ठरवा, मग गाडीत पेट्रोल टाका

"सातारा-सांगलीतला कचरा" हा विषय नाही, तो पसारा आहे. कशाच्या तरी मागं जायचं ठरवा. आम्ही कृष्णेच्या मागं गेलो, कारण रस्ता आयता मिळतो. क्षेत्र महाबळेश्वरला उगम, मग पाचगणीच्या खालनं वाई, पुढं साताऱ्याजवळ संगम माहुलीला वेण्णा येऊन मिळते, कराडला प्रीतिसंगमावर कोयना मिळते, आणि सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा. म्हणजे तीन संगम झाले. तिन्ही ठिकाणी एकच शॉट घ्यायचा ठरवलं होतं, तीच लेन्स, ट्रायपॉडची तीच उंची, दोन मिनिटं कॅमेरा हलवायचा नाही. घेताना जाम कंटाळा येतो पण एडिटला बसल्यावर ह्याच शॉटनी आम्हाला वाचवलं.

नदी नको असेल तर एक घंटागाडी पकडा आणि सकाळी निघाल्यापासनं कचरा डेपोवर रिकामी होईपर्यंत तिच्या मागं जावा. नाहीतर एक पाण्याची बाटली पकडा, काय वाट्टेल ते, पण एकच. आणि हातात दोनच दिवस असतील तर नदीचा नाद सोडा, सरळ एक गाव आणि एक घंटागाडी करा, चांगली फिल्म होते.

२. कधी निघायचं

प्रत्येक मोसमाचा कचरा वेगळा असतो, त्यामुळं तुम्हाला काय दाखवायचंय त्यावर आहे.

१ जानेवारीची सकाळ महाबळेश्वर-पाचगणीला मिळाली तर सोडू नका, थर्टीफर्स्टची गर्दी अजून झोपलेली असते आणि सफाईवाले कामाला लागलेले असतात. अनंत चतुर्दशीनंतरचे दोन-तीन दिवस नदीकाठी निर्माल्य, थर्माकोल, माळा. कासचा फुलांचा सीझन साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात, तेव्हा यवतेश्वर घाटाच्या वळणावळणावर काय पडलेलं असतं ते बघाच. २०१२ ला युनेस्कोच्या यादीत गेलेलं पठार आणि त्याच्या वाटेवर वेफर्सची पाकिटं, हा शॉट कुणालाही सुचतो, म्हणून आम्ही फायनल कटमधनं काढून टाकला, पण घेऊन ठेवायला हरकत नाही.

नोव्हेंबर ते मार्च हवा मस्त, उजेड मस्त, पण ऊसाचा सीझन. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वर टेपवर गाणी चालू. कराड ते सांगली पट्ट्यात रात्रीची गाडी चालवूच नका, हे मी काकासारखं सांगतोय असं वाटेल पण ऐका.

पावसाळ्यात डेपोवर गाडी रुतते. आमची रुतली, डेपोवरच्या जेसीबीवाल्यानं ओढून काढली आणि वर शूटिंगपण करून दिलं त्याच्याच मोबाईलवर, ते आमच्या फुटेजपेक्षा भारी होतं.

पुराबद्दल एक. सांगलीनं २००५, २०१९, २०२१ असे पूर बघितलेत. २०१९ च्या ऑगस्टात पाणी उतरल्यावर रस्त्याच्या दोन्ही कडंला जे साठलं होतं त्याला कचरा म्हणायचं धाडस होत नव्हतं, गाद्या, फुगलेली कपाटं, भिजून आंबलेलं धान्य, पोरांची दप्तरं. कधी असल्या वेळी तुम्ही तिथं असाल तर पहिले दोन दिवस कॅमेरा पिशवीतच ठेवा आणि चिखल काढायला हात लावा. नंतर लोक स्वतःहून बोलतात.

३. कागदं (हे वाचायचं टाळू नका, आम्ही टाळलं होतं)

पहिल्या ट्रिपला एका डेपोच्या गेटवर, गाव सांगत नाही, वॉचमननं अडवलं. आम्ही म्हणलं आम्ही स्टुडंट आहोत. त्यानं फोन लावला, पंधरा मिनिटांत बाईकवर दोघं आले, "कुणाला विचारून काढताय?", पाऊण तास घातला आणि दोन क्लिप डोळ्यांदेखत डिलीट करायला लावल्या. दुसऱ्या ट्रिपला तसल्याच एका गेटवर शिक्क्याचा कागद दाखवला तर वॉचमननं खुर्ची दिली बसायला. फरक एका शिक्क्याचा.

तर, बरोबर हे ठेवा:

- नगरपालिका असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज, सांगली-मिरज-कुपवाड महापालिका असेल तर आयुक्तांच्या नावानं, आणि एक प्रत आरोग्य विभागाला. अर्जात तारखा, माणसं किती, गाडी नंबर, कुठं कुठं शूट करणार, ड्रोन आहे का नाही हे सगळं लिहा.
- अर्ज दोन प्रतींत. एक आवक-जावकला द्यायची, दुसरीवर शिक्का आणि आवक नंबर घ्यायचा. ही पोच म्हणजे तुमचा जीव की प्राण, लॅमिनेशन करू नका पण फोटो काढून तिघांच्याही मोबाईलमधे ठेवा.
- पोच म्हणजे परवानगी नव्हे हे लक्षात असू द्या. आठवड्यानं परत जाऊन "साहेब, त्या अर्जाचं काय झालं" विचारावं लागतं. साहेब मीटिंगला गेलेले असतात. तिसऱ्यांदा भेटतात.
- बऱ्याच ठिकाणी डेपो ठेकेदाराकडं असतो, त्याच्या सुपरवायझरला वेगळं भेटा. पालिकेचं पत्र असलं तरी गेटची चावी त्याच्याकडं असते.
- ग्रामपंचायतीत सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेब (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात), दोघांनाही सांगा. एकालाच सांगितलं तर दुसरा रुसतो.
- कास किंवा कुठलीही जंगलाची हद्द असेल तर वनविभागाचं पत्र. धरणाच्या भिंतीवर कॅमेरा काढायचाच नाही, धोम बघून मोह होतो, आवरा.
- आधार, लायसन, गाडीची कागदं, कॉलेजचं किंवा संस्थेचं पत्र असेल तर ते. मोठं युनिट घेऊन सार्वजनिक जागी शूट करणार असाल तर गोरेगावच्या चित्रनगरीच्या महामंडळाची एक खिडकी योजना आहे, आमच्यासारख्या तिघांना तिथवर जायची वेळ आली नाही.

अजून एक काम निघायच्या दोन महिने आधी करा, माहिती अधिकाराचा अर्ज. रोज किती टन गोळा होतो, त्यातला वेगळा केलेला किती, वजनकाट्याची नोंद कशी ठेवतात, ठेका कुणाला आणि काय दरानं, जुन्या ढिगाचं काय चाललंय. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, तीस दिवसांत उत्तर द्यायला लागतं. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळं सगळं एकातच कोंबू नका, दोन-तीन अर्ज करा. हे कागद हातात असले की साहेबांची मुलाखत एकदम वेगळी होते, कारण "आमच्याकडं शंभर टक्के वर्गीकरण होतं" म्हणायच्या आधी ते तुमच्या हातातल्या कागदाकडं बघतात.

घनकचऱ्याचे नियम एकदा वाचून जावा, २०१६ च्या नियमांच्या जागी आता २०२६ चे आलेत. कचरा वेगवेगळा करून द्यायचा हे त्यात कचरा करणाऱ्यावर टाकलंय, नुसतं पालिकेवर नाही. हे माहीत नसलं की फिल्म आपोआप "पालिका काही करत नाही" ह्या एकाच सुरात जाते.

४. सामान

कॅमेरा कुठलाही चालेल. खरंच. पण ह्या गोष्टी लागतात:

- एकच झूम लेन्स. डेपोवर लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही, सेन्सरवर जी धूळ बसते ती तेलकट असते, ब्लोअरनं जात नाही. पुढं साधा यूव्ही फिल्टर लावा.
- कॉलरचा माइक आणि त्याला केसाळ टोपी. डेपो उघड्यावर असतो, वारं फार. आमच्या पहिल्या ट्रिपच्या निम्म्या मुलाखतीत नुसतं भुर्रर्र आहे.
- गमबूट, जाड तळाचे. स्पोर्ट शूजमधनं खिळा आरपार येतो. हातमोजे, मास्क, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट जो नंतर फेकून दिला तरी चालेल.
- झिपच्या पिशव्या आणि सिलिका जेलच्या पुड्या, दोन हार्डडिस्क, गाडीत चार्ज करायचा इन्व्हर्टर.
- पाण्याचा वीस लिटरचा जार आणि स्टीलचे पेले. कचऱ्यावर फिल्म काढायला जाऊन रोज सहा बिसलेरी रिकाम्या केल्या तर आधी तुम्हालाच लाज वाटते, मग गावातली पोरं हसतात, आमचं दोन्ही झालं.
- डेटॉल, पट्ट्या, ओआरएस.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन निघा. हिपॅटायटिस बी चे तीन डोस साधारण सहा महिन्यांत पुरे होतात, म्हणजे आदल्या दिवशी डॉक्टरकडं जाऊन उपयोग नाही. दवाखान्याचा कचरा घरच्या कचऱ्यात मिसळायला बंदी आहे, तरी घरात इन्सुलिन घेणारे असतात आणि सुया पिशवीत बांधून टाकतात. पिशवीला हात लावायचा नाही, पायानं पण सरकवायची नाही.

५. रूट

पूर्ण रस्ता दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, पाच दिवस भरपूर झाले.

पहिला दिवस महाबळेश्वर, वेण्णा लेकचा परिसर, संध्याकाळी पाचगणी. तिथनं पसरणी घाट उतरून वाई, मेणवली आणि वाईचे घाट सकाळी सातच्या आत करा, नंतर टुरिस्ट येतात आणि प्रत्येकजण विचारतो कुठल्या सिरीयलचं शूटिंग आहे. तिसऱ्या दिवशी सातारा, माहुली, आणि सोनगावला साताऱ्याचा डेपो आहे तो. मुक्काम साताऱ्यात करा, दोन रात्री लागल्या तरी करा.

चौथ्या दिवशी कराड. हे मुद्दाम सांगतो, कारण आम्ही पहिल्या ट्रिपला कराड गाळलं होतं, "तिथं स्वच्छच आहे, काय काढायचं" म्हणून. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत कराड देशात पहिलं आलं होतं. मग तेच काढायचं की! एकाच जिल्ह्यात, त्याच नदीवर, त्याच पगारात काम करणारी माणसं, मग इथं कसं जमतं, हा प्रश्न ढिगापेक्षा कितीतरी अवघड आणि कितीतरी चांगला आहे.

मग हायवेनं पेठ नाका, आष्टामार्गे सांगली. सांगलीचा डेपो समडोळी रोडला, मिरजेचा बेडग रोडला. आयर्विन पुलावरनं नदी, शेरीनाला, आणि शेवटी हरिपूरचा संगम. शेरीनाला म्हणजे शहराचं सांडपाणी कृष्णेत आणणारा नाला, सांगलीत लहान पोराला विचारा, सांगेल. फास्टॅग भरून ठेवा, आणेवाडी आणि तासवडे असे दोन नाके हायवेला लागतात.

जाता जाता अंजनीला वळायचं का बघा, तासगाव तालुक्यात. गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू केलं त्या आर. आर. (पाटील) आबांचं गाव. आम्ही वळलो, एका म्हाताऱ्या आजोबांनी अभियानात गाव झाडलं त्याच्या गोष्टी दीड तास सांगितल्या आणि आमची बॅटरी चाळीसाव्या मिनिटाला संपली. वर सामानाच्या यादीत इन्व्हर्टर का लिहिलाय ते कळलं असेल.

६. घंटागाडीवर एक सकाळ

सहाच्या सुमाराला हजेरी शेडवर, म्हणजे सफाईवाल्यांची हजेरी लागते तिथं, पोचा. मुकादमाला आदल्या दिवशी भेटून ठेवा, चहा तुम्ही सांगा. ड्रायव्हरशेजारी बसायला मिळालं तर कॅमेरावाला नाही, माइकवाला बसवा, कारण गाडीत जे बोलणं चालतं ते सोनं असतं. कोण कचरा वेगळा देतं, कोण पिशवी गच्चीवरनं फेकतं, कुठल्या घरची आजी रोज चहा विचारते, हे सगळं त्यांना पाठ.

आमच्या गाडीवरचा एकजण पोतं उचलायच्या आधी त्याला दोन बोटांनी टिचकी मारायचा. का विचारलं तर म्हणला, "काच असली की वाजती." मग आम्ही दोन तास नुसत्या त्या टिचक्या रेकॉर्ड केल्या.

गाडीवरची गाणी एडिटमधे जशीच्या तशी ठेवू नका, कॉपीराइटमधे व्हिडिओ अडकतो. गाणं चालू असताना मुलाखत घ्यायची नाही, एवढं साधं पण आम्ही तीनदा चुकलो.

७. डेपोवर

सकाळी आठच्या आत नाहीतर चारनंतर. दुपारच्या उन्हात सगळं पांढरंफटक दिसतं आणि वास डोक्यात जातो.

गेल्या गेल्या ढिगावर चढू नका. जुना ढीग आतनं जळत असतो, वर राख आणि माती दिसते, पाय आत गेला तर भाजतो. आत मिथेन असतो, त्यामुळं बिडी-सिगरेट गाडीतच. काळं पाणी साठलेलं दिसेल, त्याची खोली कळत नाही, लांबनं. जेसीबी मागं येताना ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही, कायम एकानं फक्त लक्ष ठेवायचं काम करायचं, त्याच्या हातात कॅमेरा नको.

कुत्र्यांना दगड मारू नका, ती तिथलीच आहेत, तुम्ही पाहुणे. वेचणाऱ्या बायका त्यांना नावानं हाक मारतात, त्यांच्या बरोबर चाला.

बायोमायनिंग, म्हणजे जुना ढीग उकरून चाळायचं काम, चालू असेल तर नशीब. मोठं फिरतं ट्रॉमेल असतं, चाळणीच म्हणायची, त्यातनं माती एकीकडं, दगडधोंडे एकीकडं आणि जळणारं हलकं प्लास्टिक-कापड एकीकडं निघतं. त्या हलक्या मालाला आरडीएफ म्हणतात, तो सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातो. ऑपरेटरला विचारा की चाळणीत सापडलेली सगळ्यात जुनी ओळखू येणारी वस्तू कुठली. आम्हाला त्यानं एक दुधाची पिशवी काढून दाखवली, डेअरीचं नाव वाचता येत होतं, डेअरी बंद पडून जमाना झाला होता.

८. भंगारच्या दुकानात जास्तीत जास्त वेळ द्या

पहिल्या ट्रिपला आम्ही भंगारवाल्याकडं गेलोच नव्हतो. दुसऱ्या ट्रिपला एक दुपार म्हणून गेलो आणि दोन दिवस बसलो.

आधी शब्द शिकून घ्या, नाहीतर प्रश्न विचारता येत नाहीत. पुठ्ठा आणि रद्दी वेगळी, पत्रा वेगळा, बीड म्हणजे ओतीव लोखंड वेगळं, तांब्याची वायर जाळून आणलेली आणि सोलून आणलेली ह्याचा दर वेगळा. प्लास्टिकमधे तर जातीच जाती. मालक हाताला लागल्या लागल्या सांगतो कुठलं कुठल्या पोत्यात.

तिथं एक मावशी बसलेल्या असायच्या, समोर पाण्याच्या बाटल्यांचा डोंगर. एक बाटली घ्यायची, बूच पिळून डाव्या पोत्यात, लेबल एका ओढीत उजवीकडं, मग छोटी सुरी घेऊन गळ्याला राहिलेली रिंग, ती जी बूच उघडल्यावर बाटलीलाच अडकून राहते ना, ती खालनं वर एका झटक्यात कापायची. टक. मग बाटली पायाखाली चेपून मागं फेकायची. आम्ही मोजायचा प्रयत्न केला आणि हुकलो, एवढा वेग. मी विचारलं रिंग राहिली तर काय होतं. मावशी म्हणाल्या, "दर पडतो की. बाटली येगळी, बूच येगळं."

मालकानं मग बादली आणली. बाटलीचा एक कापलेला तुकडा टाकला, बुडाला. बूच टाकलं, तरंगलं. बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची असते आणि बूच दुसऱ्याच प्लास्टिकचं, पाण्यापेक्षा हलकं. मोठ्या कारखान्यातपण असंच पाण्यात टाकून वेगळं करतात म्हणाला.

त्या रात्री आम्ही लॉजवर माहुलीचा आणि कराडचा संगमाचा शॉट परत लावला. तरंगत जाणाऱ्या सगळ्या बाटल्यांना बूच होतं. एकूण एक. बूच नसलेली बाटली पाणी भरून तळाला जाते, ती कॅमेऱ्यात येतच नाही. दोन संगमांवर दोन-दोन मिनिटं कॅमेरा लावून आम्हाला वाटत होतं आम्ही नदीतला कचरा दाखवतोय, आणि आम्ही फक्त बूच लावून फेकणारी माणसं दाखवत होतो. हरिपूरला मग आम्ही पाण्याच्या वरनं शूट केलंच नाही, काठावरच्या नाववाल्याला गळ टाकायला लावला आणि वर काय येतं ते काढलं.

जाताना भंगारवाल्याला एक प्रश्न नक्की विचारा, काय घेत नाही? आमच्या मालकानं कोपऱ्यातलं भडंगाचं रिकामं पाकीट उचललं, आतनं चंदेरी असतं ते. "ह्याला कोण इचारत न्हाई." आम्ही आदल्याच दिवशी सांगलीत घेतलेल्या भडंगाची चार पाकिटं गाडीत होती.

९. माणसांशी बोलताना

नाव लिहून सही घ्या, पण मराठीत लिहिलेल्या साध्या कागदावर, आणि वाचून दाखवा. सही येत नसेल तर कॅमेऱ्यावरच तोंडी संमती घ्या. लहान पोरं वेचताना दिसली तर चेहरा घ्यायचाच नाही, "नंतर ब्लर करू" म्हणून पण नाही, कारण नंतर कोण करत नाही.

पैशाचं म्हणाल तर बोलण्यासाठी पैसे देऊ नका, पण कुणाचा कामाचा वेळ खाल्ला तर तेवढी मजुरी द्यायची, कॅमेरा बंद करून, सगळ्यांना सारखी. एकीला दिले आणि दुसरीला नाही असं केलंत तर दुसऱ्या दिवशी कोण उभं करत नाही.

नाकाला रुमाल लावून मुलाखत घेऊ नका. मास्क लावायचा तर त्यांच्यासाठीपण घेऊन जावा. "तुम्हाला ह्या घाणीत कसं वाटतं" हा प्रश्न आमच्या मित्रानं विचारला, त्या ताई म्हणाल्या, "घाण तुमची हाय दादा, आम्हाला काय इचारता." हे उत्तर फिल्ममधे ठेवलंय.

बायकांना सॅनिटरी पॅडबद्दल विचारायचं असेल तर टीममधे बाई हवी. आमच्यात नव्हती, आणि तो भाग आमच्या फिल्ममधे नाही.

१०. ड्रोन

असेल तर डिजिटल स्काय ह्या सरकारी साइटवरचा नकाशा बघा, हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे असतात. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पण कराडला विमानतळ आहे तेव्हा त्या बाजूचा नकाशा नीट बघा. लोकल पोलीस ठाण्यात सांगून ठेवा, जंगलावर उडवू नका. डेपोवर सकाळी घारी घिरट्या घालत असतात, त्या ड्रोनवर येतात. आमचा एक पंखा त्यात गेला. आणि खरं सांगायचं तर वरनं काढलेला ढीग म्हणजे परत ढीगच.

११. रोज रात्री

आधी अंघोळ, मग कार्ड कॉपी, मग जेवण. हा क्रम मोडला की एकतर जेवण जात नाही नाहीतर कॉपी करताना झोप लागते. दोन्ही डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट नाही, आणि दोन डिस्क एकाच बॅगेत नाहीत. गमबूट लॉजच्या बाहेर. लॉजवाल्याला आधीच सांगा काय काम करताय, नाहीतर दुसऱ्या दिवशी रूम मिळत नाही.

१२. फिल्म झाल्यावर

ज्यांच्यावर काढली त्यांना आधी दाखवा, फेस्टिव्हलला नंतर. आम्ही हजेरी शेडमधे दाखवली, दुपारी ड्युटी सुटल्यावर, एका पांढऱ्या चादरीवर. उजेड आत येतो म्हणून खिडक्यांना लावायला काळं कापड किंवा पुठ्ठे घेऊन जावा, पुठ्ठे त्यांच्याकडंच भरपूर मिळतात. प्रोजेक्टरसोबत स्वतःचा लांब एक्सटेन्शन बोर्ड न्या, शेडमधे प्लग एकच असतो आणि तिथं मुकादमाचा मोबाईल लावलेला असतो. टिचकीचा सीन आला तेव्हा सगळे त्या एकाकडं बघून हसायला लागले, त्यामुळं पुढची दोन मिनिटं काही ऐकू आलं नाही आणि तो भाग परत लावावा लागला, म्हणून लॅपटॉपजवळ एकानं बसून राहा.